मणक्याचा मार आणि किडनीचा आकडा

क्रिएटिनिन ०.९ मिलिग्रॅम. चालत्या-फिरत्या माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा दिसला तर त्याच्या किडनीविषयी कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. तोच आकडा मणका मोडून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाचा असेल, तर त्याचा अर्थ काय लावायचा, यावर वैद्यकात निदान चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. ती पुष्कळ पुढे गेली आहे, पण मिटलेली नाही.

हा आढावा गोंदिया जिल्ह्यातले नवेगाव बांध नजरेसमोर ठेवून घेतला आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जायबंदी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. त्या शहरांत मणक्याचा रुग्ण समजणारी माणसे आणि लागणारी यंत्रे जवळपास सापडतात. नवेगाव बांधच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या रुग्णाचे तसे नाही. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे खरे, पण खास तपासण्यांसाठी कोहमारा, साकोली, भंडारा करत नागपूरच गाठावे लागते. घराजवळ सहज होते ती क्रिएटिनिनची तपासणी. तेव्हा क्रिएटिनिनवर किती विसंबायचे, हा प्रश्न इथे रोजच्या कामाचा आहे.

मणक्याला मार लागण्याची कारणेही इकडे थोडी वेगळी. पाश्चात्त्य देशांत मोटार अपघातांचा वाटा मोठा असतो. आपल्या ग्रामीण भागात उंचावरून पडणे हे मोठे कारण आहे. झाडावरून पडलेला, पावसाळ्यापूर्वी कवेलू सारखे करायला छपरावर चढलेला, विहिरीत घसरलेला, बैलगाडी उलटून खाली सापडलेला असे रुग्ण येतात. त्यात आता दुचाकीची भर पडली आहे. मार न लागताही, मणक्याच्या टीबीने पाय गेलेले लोक आहेत. कारण कोणतेही असो, मज्जारज्जू दुखावला की पायांबरोबर लघवीच्या पिशवीवरचाही ताबा जातो, आणि किडनीची गोष्ट तिथे सुरू होते.

मूत्राशयापासून किडनीपर्यंत

पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले बहुतेक सैनिक फार जगत नसत. बेडसोर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शेवटी निकामी किडनी, हा ठरलेला क्रम होता. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या जखमींचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि मूत्राशयाची निगा हा उपचाराचा कणा ठरवला. ठराविक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची, या पद्धतीचे निष्कर्ष त्यांनी व फ्रँकेल यांनी १९६६ मध्ये मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवले की त्यासाठी नळी निर्जंतुकच असायला हवी असे नाही. स्वच्छ धुतलेल्या हातांनी, स्वच्छ नळीने रुग्ण घरी स्वतः हे करू शकतो. खेड्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी शोध तोच.

यामुळे आयुष्य वाढले, पण धोका संपला नाही. डेन्मार्कमध्ये १९५६ ते १९७५ या काळात मणक्याला मार लागलेल्या ११६ जणांचा ४५ वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किडनीचे काम मध्यम प्रमाणात खालावण्याचा एकत्रित धोका ५८ टक्के आणि गंभीरपणे खालावण्याचा २९ टक्के निघाला. किडनी फुगलेली असणे आणि काढावे लागलेले मूतखडे, या दोन गोष्टी असलेल्यांना धोका अधिक होता. ही उतरण वर्षानुवर्षे चालते, बहुधा कोणत्याही दुखण्याशिवाय. बेंबीखाली संवेदनाच नसेल तर खड्याची कळही कळत नाही. ताप, थंडी, पायांना वाढलेले आचके आणि गढूळ लघवी एवढ्यावरून ओळखावे लागते. म्हणूनच रक्तातल्या आकड्यावर इतका भार पडतो.

क्रिएटिनिन काय सांगते, काय नाही

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत. शरीरातले जवळजवळ सगळे क्रिएटिन स्नायूंत असते आणि त्याचा दीड-दोन टक्के भाग रोज क्रिएटिनिन बनून रक्तात उतरतो. किडनी ते गाळून बाहेर टाकते. किडनी मंदावली की रक्तातली पातळी वाढते. मात्र पातळी जशी जावकीवर अवलंबून असते तशी आवकीवरही असते. नवेगावच्या तलावात पाणी कमी दिसले, तर तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, नीट वाहते आहे म्हणूनही असेल किंवा नाल्यांतून पाणीच आले नाही म्हणूनही असेल. आवक ठाऊक नसलेल्याने नुसती पातळी पाहून तुडुमाविषयी बोलू नये. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्या काही महिन्यांतच सुकतात. आवक घटते, रक्तातले क्रिएटिनिन खाली येते आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते.

क्रिएटिनिनवरून किडनीची गाळण्याची गती, म्हणजे जीएफआर, काढणारी सूत्रे ही आवक वय आणि लिंगावरून गृहीत धरतात. १९७६ चे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र २४९ रुग्णांवरून बसवले होते आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. त्यात वजन धरलेले असल्याने स्नायूंचा थोडा तरी हिशेब लागतो. १९९९ चे एमडीआरडी सूत्र १,६२८ किडनीरुग्णांवरून आले. २००९ चे सीकेडी-ईपीआय आणि त्याची वंशाचा घटक काढून टाकलेली २०२१ ची आवृत्ती ही आज प्रयोगशाळांच्या संगणकात बसलेली असतात. यांपैकी कोणतेही सूत्र मणक्याच्या रुग्णांसाठी केलेले नाही. ज्यांचे स्नायू वयाच्या मानाने सर्वसाधारण आहेत त्यांच्यासाठी ती ठीक चालतात, आणि इथे तर नेमके तेच गृहीतक मोडलेले असते.

हे कागदावर करून पाहू. समजा, ४० वर्षांचा पुरुष आहे, वजन ५० किलो, उंची १६५ सेंटीमीटर, दोन्ही पाय लुळे. काही वर्षांपूर्वी त्याचे क्रिएटिनिन ०.५ होते, आज ०.९ आहे. २०२१ च्या सूत्रात घातले तर तेव्हाचा जीएफआर मिनिटाला सुमारे १३२ मिलिलिटर आणि आजचा सुमारे १११ येतो. दोन्ही आकडे उत्तम. घट अवघी १६ टक्क्यांची. पण मधल्या काळात त्याचे स्नायू तेवढेच राहिले असतील, तर क्रिएटिनिन ०.५ वरून ०.९ वर जाण्याचा सरळ अर्थ गाळण्याची गती जवळजवळ ४४ टक्क्यांनी उतरली असा होतो. सूत्राला हे दिसत नाही. पुरुषांच्या बाबतीत क्रिएटिनिन ०.९ च्या खाली असले की ते सूत्र मुद्दामच बोथट ठेवलेले आहे. त्या पट्ट्यातले फरक बहुतांशी स्नायूंचे असतात, किडनीचे नसतात, असे मानून ते बसवले आहे. निरोगी लोकांत हे योग्यच आहे. मणक्याच्या रुग्णाचा मात्र बराचसा आजार त्याच पट्ट्यात घडतो. हीच वाढ सात दिवसांत झाली असती तर आंतरराष्ट्रीय निकषानुसार तिला किडनीला अचानक झालेली इजा म्हटले असते, कारण ती दीडपटीहून जास्त आहे. आणि तरीही रिपोर्टवर वाढलेला म्हणून एकही आकडा लाल झाला नसता.

आकडा चुकला तर काय बिघडते

या रुग्णाच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहावी. आचक्यांसाठी बॅक्लोफेन, ते बहुतांशी किडनीवाटेच बाहेर पडते. नसांच्या जळजळीसाठी प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, तेही तसेच. लघवीचा संसर्ग चिघळला की अॅमिकॅसिन किंवा जेंटामायसिनचे इंजेक्शन. त्यांचा डोस किडनीच्या गतीवर ठरतो आणि डोस जास्त झाला तर तीच किडनी आणि कान दुखावतात. जीएफआर १११ समजून दिलेला डोस प्रत्यक्षात साठच्या आसपास असलेल्या किडनीला भारी पडतो. बॅक्लोफेन साठले की रुग्ण गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे.

आणखी एक तपशील, जो बड्या रुग्णालयांतही निसटतो. सूत्राचा आकडा १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठासाठी असतो. वरच्या आपल्या माणसाचे पृष्ठफळ साधारण १.५१ भरते. म्हणजे डोससाठी १११ चे आधी ९७ करावे लागतात. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने काढले तर ७७ येतात. औषधाच्या माहितीपत्रकावर कोणता आकडा धरला आहे, हे कुणी तरी वाचायला हवे.

पाच मार्ग

पहिला मार्ग क्रिएटिनिन सोडू नका, दुरुस्त करा असे सांगणाऱ्यांचा. मोहलर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट या रुग्णांत फुगीर आकडा देते. पाय गेलेल्यांसाठी ०.८ ने आणि हातपाय दोन्ही गेलेल्यांसाठी ०.६ ने गुणावे असे त्यांनी सुचवले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाने एमडीआरडीसाठी ०.७ हा गुणक पुढे आणला. स्वस्त, तोंडी करता येण्याजोगा हिशेब. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला आज दुपारी वापरता येईल असा. आक्षेप असा की रुग्णारुग्णांत फरक फार. मानेत मार लागला की पाठीत, मज्जारज्जू पूर्ण तुटला की अर्धवट, किती वर्षे झाली, पायांना आचके येतात की पाय अगदी सैल पडले आहेत, या सगळ्यावर स्नायू ठरतात. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक आणणारे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागून जायबंदी झाले होते. तशा दंड-खांद्यांच्या खेळाडूला आणि सहा महिने खाटेवरून न उठलेल्याला एकच ०.८ लावणे कुणालाच पटणार नाही.

दुसरा मार्ग चोवीस तासांची लघवी गोळा करण्याचा. यात स्नायूंचा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण किती क्रिएटिनिन तयार झाले ते अंदाजाने न धरता लघवीत मोजलेच जाते. तत्त्वतः निर्दोष; अडचण गोळा करण्यात आहे. कंडोम-नळी रात्री निसटते, अंथरूण ओले होते, एक वेळची लघवी बेसिनमध्ये जाते. मूत्राशयात मागे राहिलेली लघवी कालच्या हिशेबाची की आजच्या, हे ठरत नाही. ज्याला कायमची नळी आणि पिशवी आहे त्याच्या बाबतीत उलट हे काम सोपे जाते, हे मात्र टीकाकार सहसा सांगत नाहीत. किडनी काही क्रिएटिनिन गाळण्याशिवाय थेट लघवीत सोडते, म्हणून आलेला आकडा खऱ्यापेक्षा थोडा फुगतो, तो दोष निराळाच. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या डॉक्टरांनी २००० मध्ये किरणोत्सारी द्रव्याने मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले. सुरुवातीची घसरण ओळखायला रक्तातले क्रिएटिनिनही पुरत नाही आणि चोवीस तासांची लघवीही पुरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तिसऱ्या मार्गाकडे आज कल सर्वांत जास्त आहे. सिस्टॅटिन सी हे छोटे प्रथिन शरीरातल्या केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशी कमी-अधिक सारख्या वेगाने बनवतात, स्नायूंशी त्याचे विशेष नाते नाही. डेन्मार्कमध्ये २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये मणक्याच्या रुग्णांवर ते ताडून पाहिले गेले. क्रिएटिनिनपेक्षा ते खऱ्या जीएफआरच्या जवळ जाते असे दिसले. २०१० मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य आले आणि प्रयोगशाळेप्रयोगशाळेतला फरक कमी होण्याची वाट मोकळी झाली. २०१२ चे त्याचे सूत्र जगभर रुळले आहे.

आपल्या कागदावरच्या माणसाचे सिस्टॅटिन १.२ आले असे समजू. त्यावरून जीएफआर ६६ येतो. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून २०२१ च्या एकत्रित सूत्राने काढला तर ८४. नुसत्या क्रिएटिनिनचा १११ होता. एकाच सकाळचे रक्त, तीन आकडे. सर्वसाधारण किडनीरुग्णात एकत्रित सूत्र सर्वांत विश्वासू मानतात, कारण दोन्ही चुका एकमेकींना खोडतात. पण इथे एका बाजूची चूक कोणत्या दिशेची आहे हे आधीच ठाऊक असते. मग सरासरीत ती पुन्हा आत का घ्यावी, असा प्रश्न सिस्टॅटिनवाले विचारतात. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने याला जे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: पाय किंवा हातपाय लुळे असलेल्या पण इतर आजार नसलेल्या व्यक्तीत नुसते सिस्टॅटिन योग्य ठरू शकते, सोबत इतर आजार असतील तर एकत्रित सूत्र बरे.

या अटीत सगळी गोम आहे. सिस्टॅटिन स्नायूंपासून मोकळे असले तरी दाह, स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार, चरबी आणि तंबाखूचे धूम्रपान यांपासून मोकळे नाही. मणक्याच्या रुग्णाला तर बेडसोर असतो, लघवीचा संसर्ग दर दोन-चार महिन्यांनी उठतो, पोटावर चरबी साठते. माकडहाडावर तळहाताएवढी वाहती जखम असताना आलेले १.२ हे किडनीचे किती आणि जखमेचे किती? इतर आजार नसलेला मणक्याचा रुग्ण खेड्यात किती सापडेल, हाही प्रश्नच आहे. संसर्ग नसताना, जखम भरल्यावर तपासणी करावी, हा व्यवहारी सल्ला. काहींची जखम वर्षभर भरतच नाही, तो भाग वेगळा.

चौथा मार्ग: अंदाज सोडा, मोजा. इन्युलिन, आयोहेक्सॉल किंवा किरणोत्सारी डीटीपीए टोचून रक्तातून ते किती वेगाने निघून जाते हे पाहणे ही सोन्याची कसोटी. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत डीटीपीए स्कॅन होतो. तो बहुधा गामा कॅमेऱ्याने, गेट्स यांच्या १९८० च्या दशकातल्या पद्धतीने केला जातो. रक्ताचे नमुने पुन्हा पुन्हा घेण्याची पद्धत अधिक अचूक पण कटकटीची. कॅमेऱ्याच्या पद्धतीत किडनी त्वचेपासून किती खोल आहे हे वजन-उंचीवरून धरतात. इथे या रुग्णाचे वजन करणे पाहिलेले लोक हसतील. व्हीलचेअरसकट वजन करणारा काटा नसतो; भाऊ त्याला उचलून काट्यावर उभा राहतो, मग एकट्याचे वजन वजा करतात. उंची झोपवून, पाय जमतील तेवढे सरळ करून टेपने मोजतात. पाठीला बाक आला असेल तर किडनीची खोली सूत्रात बसतच नाही. तरीही स्कॅनची एक गोष्ट रक्ताच्या कोणत्याच तपासणीत मिळत नाही: डावी-उजवी किती काम करते आणि लघवी खाली उतरते की अडते, हे वेगवेगळे दिसते. एक किडनी मरत असताना दुसरी भार उचलते आणि एकूण आकडा सुरेख राहतो, हे या रुग्णांत नवे नाही.

पाचवे मत मूत्ररोगतज्ज्ञांचे, आणि ते वादाची बाजूच बदलते. जीएफआर खाली येईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. त्याआधी मूत्राशयातला दाब पाहा, किडनी फुगते का ते पाहा. मॅग्वायर यांनी १९८१ मध्ये जन्मतः मज्जारज्जूचा दोष असलेल्या मुलांत दाखवले की लघवी गळायला लागण्याच्या वेळी मूत्राशयातला दाब ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर असेल तर वरच्या मूत्रमार्गाला आणि किडनीला धोका वाढतो. हा आकडा पुढे मोठ्यांनाही लावला गेला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये स्पष्टच म्हटले, मूत्राशयाच्या चेतासंस्थेचा दोष असलेल्यांत केवळ क्रिएटिनिन आणि त्यावरचा जीएफआर यांवर विसंबू नये. जास्त धोक्याच्या रुग्णांची वर्षा-दोन वर्षांनी आयुष्यभर सोनोग्राफी करावी. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने रुग्णांची धोक्यानुसार वर्गवारी केली. जास्त धोक्याच्या गटाला दरवर्षी रक्त आणि सोनोग्राफी, कमी धोक्याच्या स्थिर रुग्णाला विनाकारण तपासण्या नकोत. वर्गवारी करायला निदान एकदा यूरोडायनॅमिक तपासणी लागते आणि ती पुन्हा शहरातच होते.

मला हे मत आधीच्या चारांना पर्याय वाटत नाही. सोनोग्राफी डोस सांगत नाही, आणि सिस्टॅटिन अडलेली मूत्रनळी दाखवत नाही.

झाडीपट्टीची भर

आतापर्यंत सांगितलेले मणक्याच्या रुग्णांच्या जीएफआरवरचे अभ्यास अमेरिका, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथले आहेत. आपल्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत, आणखी तीन गोष्टी मिसळतात.

एक, भारतीयांत क्रिएटिनिनची सूत्रे मुळातच जास्त आकडा देतात. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये किडनी देऊ इच्छिणाऱ्या निरोगी भारतीयांचा सरासरी जीएफआर ८१.४ असल्याचे मांडले, तेव्हा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या आकड्यापुढे तो फारच कमी वाटला. चंडीगढच्या पीजीआयमधल्या गटाने २०१८ मध्ये इन्युलिनने मोजून दाखवले की प्रचलित क्रिएटिनिन सूत्रे भारतीयांत अतिरेकी अंदाज करतात. कमी स्नायू आणि कमी मांस-प्रथिने असलेला आहार ही त्यामागची संभाव्य कारणे. भात, वरण आणि अधूनमधून तलावातली मासोळी यांवर वाढलेल्या, आधीच सडपातळ असलेल्या शेतमजुराचे पाय गेले, म्हणजे एका फुगवट्यावर दुसरा फुगवटा. ०.८ आणि ०.६ हे गुणक अमेरिकी शरीरांवरून आलेले आहेत. इथे ते पुरेसे उतरवतात का?

दोन, सिकलसेल. पूर्व विदर्भात त्याचे प्रमाण मोठे आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली ती अशाच पट्ट्यांसाठी. सिकलसेल आजारात तरुणपणी किडनी वाजवीपेक्षा जोरात गाळते आणि क्रिएटिनिन थेट लघवीत सोडण्याचे प्रमाणही वाढलेले असते, म्हणून रक्तातला आकडा आणखी खाली जातो. सिकलसेल आणि मणक्याचा मार एकत्र असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन ०.४ आले तर त्यावरून काहीच सांगता येत नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

तीन, प्रयोगशाळा. क्रिएटिनिन मोजण्याची याफे यांची रासायनिक पद्धत १८८६ ची आहे आणि सुधारित रूपात अजून सर्रास चालते, कारण रसायने स्वस्त. ती रक्तातल्या इतर काही पदार्थांनाही क्रिएटिनिन समजते. २.० च्या रिपोर्टमध्ये ०.१-०.२ ची गफलत झाली तर फारसे अडत नाही, ०.५ च्या रिपोर्टमध्ये तेवढ्याने अर्थच बदलतो. एन्झाइमची पद्धत या बाबतीत सरस, पण महाग. एकदा एका लॅबमध्ये, पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये, तिसऱ्यांदा शिबिरात अशी तपासणी केली तर ०.५ ते ०.७ हा फरक किडनीचा की यंत्राचा हे कळायला मार्ग नाही.

मे महिन्याचे उन्ह ही चौथी गोष्ट म्हणावी की नाही कोण जाणे. कपडे ओले होऊ नयेत म्हणून, प्रवासात तर हमखास, हे रुग्ण पाणी कमी पितात. नागपूरला जायच्या दिवशी सकाळपासून घोटभर पाण्यावर असलेल्या माणसाचे रक्त दुपारी एकला घेतले, तर ते त्या प्रवासाचेही मोजमाप असते.

लघवीतल्या प्रथिनांच्या तपासणीलाही हाच स्नायूंचा फेरा आहे. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. खालची संख्या लहान असली की गुणोत्तर फुगते. म्हणजे रक्ताचा कागद किडनी चांगली म्हणतो आणि लघवीचा वाईट, आणि दोघांच्याही चुकीचे कारण त्याच सुकलेल्या मांड्या असू शकतात. जुनाट बेडसोरमुळे किडनीत अॅमिलॉइड साठण्याचा धोका असल्याने लघवीतले प्रथिन दुर्लक्षूनही चालत नाही.

कुठवर एकमत, कुठे नाही

एकटे क्रिएटिनिन मर्यादेत आहे म्हणून किडनी चांगली असे म्हणू नये, यावर आता कुणाचा वाद नाही. त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिलेले क्रिएटिनिन मात्र उपयोगी पडते, हेही बहुतेक जण मान्य करतात. मार लागून स्नायू सुकण्याचा पहिला काळ सरल्यावर एक पायाभूत आकडा ठरवायचा आणि त्याच्या दीडपट झाला की, भले तो ०.८ असो, थांबून विचार करायचा. यासाठी नागपूरला जावे लागत नाही. जुने कागद सांभाळावे लागतात आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्यावे लागते. सिस्टॅटिन एकदा तरी, शक्यतो संसर्ग नसताना, करून दोन आकड्यांतली तफावत नोंदवून ठेवावी, हेही मत जोर धरते आहे. किडनीला जपून द्यावे लागणारे औषध सुरू करताना किंवा शस्त्रक्रिया ठरवताना दोन आकडे फार लांब पडले तर मोजून घ्यावे.

मतभेद उरतात ते पुढच्या गोष्टींवर. बेडसोर वाहत असताना सिस्टॅटिन खालचा आकडा दाखवते, तेव्हा अॅमिकॅसिनचा डोस त्याप्रमाणे कमी करायचा का? केला आणि आकडा दाहाचा निघाला तर संसर्गच आवरत नाही. न केला आणि आकडा किडनीचा निघाला तर किडनी जाते. काही जण अशा वेळी रक्तातली औषधाची पातळी मोजावी म्हणतात. तीही तपासणी तालुक्याला मिळत नाही, म्हणून तिथले डॉक्टर कमी धोक्याचे दुसरे औषध शोधतात आणि जंतूंच्या वाढत्या प्रतिकारामुळे ते दरवेळी सापडतेच असे नाही. स्नायू स्कॅनने किंवा दुसऱ्या साधनाने मोजून सूत्रात घालावेत हा विचार आकर्षक आहे, पण त्याला लागणारे यंत्र सिस्टॅटिनहून महाग. जन्मतः मज्जारज्जूचा दोष असलेल्या मुलांत तर उंचीवर बेतलेली लहान मुलांची सूत्रे वापरावी लागतात, आणि ज्याचे पाय वाढलेच नाहीत त्याची उंची कोणती धरायची, इथपासून सुरुवात आहे.

भारतीय रुग्णांसाठी कोणता गुणक किंवा कोणते सूत्र, याचे उत्तर मणक्याच्या रुग्णांत रक्तनमुन्यांच्या पद्धतीने जीएफआर मोजून, त्याच दिवशी क्रिएटिनिन एन्झाइमने आणि सिस्टॅटिन प्रमाणित पद्धतीने करूनच मिळेल. त्यात सिकलसेलची तपासणी, दाहाची खूण म्हणून सीआरपी आणि जखमेचे माप नोंदवलेले असावे, आणि रुग्ण केवळ शहरातल्या पुनर्वसन केंद्रांतले नसावेत. असा अभ्यास होईपर्यंत तालुक्याच्या डॉक्टरपुढे ०.९ चा कागद येतच राहणार, आणि त्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न मागचा आकडा कुठे आहे, हा.